बाळंतिणीच्या खोलीतली न दिसणारी खिडकी

गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं गाव आणि चार एकर धानाच्या शेतकऱ्याचं घर. मूळ घर आजोबांच्या काळातलं. दीड फूट जाड मातीच्या भिंती, वर कवेलू म्हणजे कौलं, मधे माजघर, पुढे ओसरी. दोन वर्षांपूर्वी मागच्या सांदवाडीत, म्हणजे घराच्या उत्तरेला, एक खोली वाढवली. चौदा बाय बारा फूट, नऊ इंची विटांची जुडाई, वर टिन. हातातले पैसे संपले म्हणून बाहेरचं पलस्तर तेवढं राहिलं. चौदा फुटांची एक बाजू जुन्या घराच्या मातीच्या भिंतीला लागून, बाकी तीन भिंती उघड्यावर.

मला निरोप आला तो दिवाळी आटोपल्यावर. मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती आणि तारीख डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली होती. माजघराला लागूनच चूल, तिथे सकाळ-संध्याकाळ धूर आणि माणसांची ये-जा, म्हणून बाळंतिणीला नवी खोली द्यायचं ठरलं होतं. अडचण अशी की आदल्या हिवाळ्यात घरातल्या आजींनी त्या खोलीत आठ दिवस काढले आणि नवव्या दिवशी स्वतःची बाज ओढत माजघरात परत नेली. "बाहेर झोपल्यावानी वाटते बापू," त्या मला म्हणाल्या. घरमालकाचा प्रश्न सरळ होता, "हीटर किती वॅटचा घेऊ, तेवढं सांगा जी." मी म्हणालो, भाऊ, आधी एक रात्र मला खोलीत बसू द्या.

विदर्भ म्हटलं की लोकांना ऊनच आठवतं. पण एकट्या नागपूरच्या नोंदी पाहिल्या तर मे २०१३ मध्ये ४७.९ अंश आणि डिसेंबर २०१८ मध्ये ३.५ अंश, ही दोन्ही टोकं त्यात सापडतात. पूर्व विदर्भातल्या आमच्या या झाडीपट्टीत तर जंगल, तलाव आणि हिवाळ्यातलं निरभ्र आकाश. विदर्भात कडाका पडला की सर्वांत थंड ठिकाणांत गोंदियाचं नाव हमखास येतं. आणि आपल्याकडे खोली वाढवताना विचार होतो तो उन्हाचा आणि पावसाचा. डिसेंबरच्या पहाटेचा कोणी करत नाही.

रात्री दहाला खोलीचं दार लावलं, पंखा बंद केला आणि अगरबत्ती पेटवून एकेका कडेला धरत फिरलो. हवा कुठून येते-जाते ते शोधायला याहून स्वस्त साधन नाही. खोलीच्या मधोमध धूर हातभर सरळ वर चढला. दाराच्या खालच्या फटीपाशी धरली तर धूर आत झुकला, जणू कोणी बाहेरून फुंकर मारतंय. जुनी मातीची भिंत आणि नवी विटांची भिंत जिथे मिळतात त्या कोपऱ्यात तर निखारा लालभडक झाला आणि राखेचा तुकडा उडून माझ्या मनगटावर पडला. मग स्टूलवर चढून भिंतीच्या माथ्याशी, टिनाच्या खाली अगरबत्ती धरली. तिथे उलटं झालं. धूर आडवा होऊन टिनाच्या नाळ्यांमधून, म्हणजे पन्हाळीसारख्या खाचांमधून, बाहेर ओढला जात होता.

म्हणजे खालून थंड हवा आत येत होती आणि माणसांच्या अंगाची ऊब घेतलेली हवा हलकी होऊन वरून निघून जात होती. धुरांड्यात जे होतं तेच. ही खोली एक रुंद धुरांडं होती आणि त्याच्या तळाशी बाज टाकलेली होती.

सकाळी टेप घेऊन फटी मोजल्या. उत्तरेच्या भिंतीच्या माथ्यावर टिनाच्या नाळ्यांची फट सरासरी एक इंच, लांबी चौदा फूट, म्हणजे १६८ चौरस इंच. जुन्या घराच्या बाजूला टिन आणि मातीची भिंत यांच्यात सरासरी दीड इंच, म्हणजे २५२. जुन्या-नव्या भिंतींचे दोन उभे सांधे, प्रत्येकी नऊ फूट उंचीपर्यंत अर्धा इंच उघडे, म्हणजे १०८. दाराखाली तीन फूट लांब, इंचभर फट, म्हणजे ३६. एकूण ५६४ चौरस इंच. दोन फूट बाय दोन फुटांची खिडकी ५७६ चौरस इंचांची असते. या घरात जवळपास तेवढी खिडकी हिवाळ्याच्या प्रत्येक रात्री सताड उघडी होती. ती एका जागी नव्हती म्हणून कोणाला दिसली नाही, एवढंच. ही बेरीज मी वहीच्या पानावर लिहून घरमालकाला दाखवली, तेव्हा ते बराच वेळ पान हातात धरून उभे राहिले. "म्हंजे हीटर लावून सांदवाडी गरम केली असती," ते म्हणाले.

हिशेब पुढे नेला. आत आणि बाहेर दहा अंशांचा फरक ठेवायचा असेल तर किती ऊब सतत पुरवावी लागेल? खोलीतली हवा सुमारे ४८ घनमीटर. एक घनमीटर हवेला एक अंश तापवायला साधारण १.२ किलोज्यूल लागतात. एवढ्या फटी असताना वारा असेल त्या रात्री तासाला सहा वेळा हवा बदलते असं धरलं, तर नुसत्या हवेवर ९५० वॅट जातात. टिनाचं छप्पर साडेपंधरा चौरस मीटर. टिनाला स्वतःचा असा अडसर जवळपास नाहीच, म्हणून त्यातून ९३० वॅट. तीन बाजूंच्या विटांच्या भिंतींतून साडेसहाशे. फरशी आणि खिडकी सोडून हे अडीच हजार वॅट झाले. एक किलोवॅटचा हीटर रात्रभर चालवला असता तरी खोली बाहेरच्यापेक्षा चार अंशांनी गरम झाली असती, बस.

गावातल्या मिस्त्रींचा सल्ला वेगळा होता. "भितीले आतून-बाहेरून दुहेरी पलस्तर मारू, थंडी बंद." मिस्त्री अनुभवी माणूस, त्यांची जुडाई ओळंब्यात एक सूत हलत नाही. पण पलस्तराच्या अर्ध्या इंचाने उष्णता अडत नाही. उष्णता अडते ती कोंडून ठेवलेल्या स्थिर हवेने. थर्माकोल, पेंढा, गोधडी, लोकर ही सगळी हवा कोंडायचीच साधनं. दोन इंच थर्माकोल उष्णतेला जेवढं अडवतो तेवढं अडवायला विटांची भिंत तीन फुटांहून जाड लागेल. बाहेरून पलस्तर करायचं होतंच, कारण न पलस्तरलेल्या जुडाईच्या दर्जांमधून, म्हणजे विटांच्या सांध्यांमधून, वारा झिरपतो आणि पावसात ओल येते. पण त्या पलस्तराचं काम वारा अडवण्याचं. ऊब अडवण्याची अपेक्षा त्याच्याकडून करू नये, हे मिस्त्रींना पटायला एक दुपार लागली. पटल्यावर मात्र पुढची अर्धी युक्ती त्यांनीच सुचवली.

सुरुवात जुन्या-नव्याच्या सांध्यापासून केली. वाढीव खोलीचं खरं दुखणं नेहमी इथेच असतं. मातीची भिंत पावसाळ्यात ओल पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते. नवी भिंत वेगळ्या पायावर, स्वतःच्या गतीने बसते. या दोघींमध्ये सिमेंट भरलं की पहिल्याच उन्हाळ्यात चीर पडते. इथे दोनदा भरलं होतं आणि दोन्ही वेळा उघडलं होतं. उघडताना सिमेंटने मातीचे पोपडेही ओढून आणले होते. सिमेंट आणि माती एकमेकांना धरत नाहीत, आणि धरायला लावणं हाच चुकीचा आग्रह आहे.

आम्ही सांधा दीड इंच खोल खरवडून साफ केला. मातीच्या बाजूची ढासळलेली कड चुना, माती आणि बारीक कापलेलं तणस (धानाचा पेंढा) यांच्या चिखलाने बांधून घेतली आणि चार दिवस सावलीत वाळू दिली. मग फटीत फोमची दोरी दाबून बसवली. ही दोरी दबते आणि फुलते, त्यामुळे भिंत हलली तरी फट भरलेली राहते. त्यावरून सागाची तीन इंची पट्टी, आणि पट्टीच्या मागे सायकलच्या जुन्या ट्यूबचा चिरलेला पट्टा. सुतार पट्टीला दोन्ही बाजूंनी खिळे मारणार होता, मी त्याचा हात धरला. स्क्रू फक्त विटांच्या बाजूला. मातीच्या बाजूला पट्टी नुसती रबरावर टेकलेली. भिंत सरकली की पट्टी तिच्या अंगावरून घसरेल, तुटणार नाही. सुतार दोन मिनिटं पाहत राहिला आणि म्हणाला, "बैलगाडीच्या जूसारखं, ढिलं ठेवलं तरच टिकते." मला याहून नेमकं सांगता आलं नसतं.

दाराला उंबरठा नव्हता. नव्या खोल्यांत हे सर्रास झालंय, टाइल्स सरळ दिसाव्यात म्हणून उंबरठा गाळतात. जुन्या घराच्या प्रत्येक दाराला हातभर रुंद लाकडी उंबरठा आहे. आपण त्यावर हळद-कुंकू वाहतो आणि तो पाणी, विंचू आणि गार वारा अडवतो हे विसरून जातो. कडप्प्याचा दीड इंच उंच उंबरठा बसवला आणि दाराच्या चौकटीला तिन्ही बाजूंनी रबराची पट्टी लावली. खिडकीला ब्रश-पट्टी. वायर आत आणण्यासाठी पाडलेलं अंगठ्याएवढं भोक चुन्याच्या गिलाव्याने बुजवलं.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो, कारण या प्रकरणात शिकण्यासारखं सगळ्यात जास्त तिच्यात आहे. पहिल्याच दिवशी मी गोंदियाहून फवाऱ्याच्या फोमचे डबे आणून टिनाच्या सगळ्या नाळ्या भरून टाकल्या. उत्तरेचा माथा आणि जुन्या घराकडचा माथा, दोन्ही. अगरबत्ती धरली तर धूर सरळ. समाधान वाटलं. त्या रात्री घरमालक आणि त्यांचा धाकटा मुलगा तिथे झोपले. पहाटे पाचला मला हाक आली. टिनाच्या आतल्या बाजूने पाण्याचे थेंब गळत होते आणि मुलाच्या चादरीवर रुपयाएवढे ओले डाग होते. टिनाला घाम सुटला होता.

हे का झालं ते समजून घ्यावं. निरभ्र रात्री टिन उघड्या आकाशाकडे आपली उष्णता फेकत राहतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतं. म्हणून तर सकाळी टिनावर बाहेरूनही दव असतं. आत झोपलेली दोन माणसं रात्रभरात श्वासातून आणि अंगातून अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतात. आधी ती वाफ फटींमधून निघून जायची. मी फटी बुजवल्या आणि ती गार टिनावर जाऊन जमली. बाळंतीण आणि आठ दिवसांचं बाळ त्या थेंबांखाली असतं तर काय झालं असतं, या विचाराने त्या सकाळी माझा चहा तसाच राहिला.

वारा अडवायचा हे बरोबर होतं. अडवण्याची रेघ मी चुकीच्या जागी ओढली होती. टिन ही पावसाची रेघ. ऊब आणि हवा अडवण्याची रेघ तिच्या खाली, छताच्या पातळीवर हवी, आणि दोघींच्या मधली पोकळी बाहेरच्या हवेला उघडी हवी. मग आम्ही हॅकसॉच्या पात्याने नाळ्यांमधला सगळा फोम कापून काढला आणि तिथे बारीक जाळी ठोकली, म्हणजे हवा खेळेल पण उंदीर, पाली, चिमण्या शिरणार नाहीत. जुन्या घराकडच्या वरच्या माथ्यालाही, कवेलूच्या वळचणीखाली, तसंच केलं. हिवाळ्यात तिथली ओल सुकते आणि उन्हाळ्यात टिनाने तापलेली हवा वरच्या टोकाने निघून जाते. खालच्या नाळ्यांतून नवी हवा आत येत राहते.

छत साडेआठ फुटांवर बांधलं. जस्ताच्या पट्ट्यांचा सांगाडा, खाली सहा मिलिमीटरचा सिमेंट फायबरचा बोर्ड, त्यावर दोन इंच जाड थर्माकोल. थर्माकोलचे सांधे चिकटपट्टीने बंद केले. बोर्ड आणि भिंत जिथे मिळतात तिथे चहूकडून सीलंट. फोमचे उरलेले डबे इथे कामी आले. पोकळीतून जाणारी वायर पाइपात घेतली. काही गोष्टींवर मी अडून बसलो. थर्माकोल टिनाला चिकटवायचा नाही, कारण मे महिन्यात टिन चांगलंच तापतं आणि थर्माकोल साधारण ८० अंशांपुढे मऊ पडतो. तो खोलीत उघडा ठेवायचा नाही, कारण तो झपाट्याने पेटतो आणि काळा विषारी धूर करतो. आणि चपला चिकटवायचं सोल्युशन त्याला लावायचं नाही, ते थर्माकोल विरघळवतं. दुकानदाराने तेच देऊ केलं होतं.

घरमालकांनी तणस वापरायचं सुचवलं होतं. खळ्यावर रास पडलेली, फुकट. तणसात ऊब धरायची ताकद आहे, हे गोठ्यात बसलेल्या वासराला विचारा. पण छताच्या पोकळीत ते ठेवलं की उंदरांना आयतं घर, आणि वायरची एक ठिणगी पुरे. तणसाला मी नाही म्हणालो.

या छतातून आता दहा अंशांच्या फरकाला सुमारे ९५ वॅट जातात. आधी ९३० जात होते. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये काढलेल्या इको निवास संहितेत छतासाठी चौरस मीटरला दर अंशी १.२ वॅट ही कमाल मर्यादा आहे. आमचं छत ०.६ वर आलं. खेड्यातल्या एका खोलीला ती संहिता बंधनकारक नाही, पण कुठवर जायला हवं याचा अंदाज तिच्यावरून येतो.

छत झालं आणि फटी बुजल्या, तासाला एकदाच हवा बदलते असं धरलं, तर एकूण गळती अडीच हजारांवरून नऊशेवर आली. त्यातले साडेसहाशे आता भिंतींतून जात होते. म्हणजे मिस्त्रींचं दुखणं खरं होतं, फक्त त्याचा नंबर तिसरा होता. सगळ्या भिंती करायला पैसे नव्हते, म्हणून उत्तरेची एक घेतली, कारण वारा तिकडूनच येतो. आणि इथे गोंदियाचं गोंदियापण कामी आलं. गिरणीच्या मागे धानाच्या तुसाचे ढीग पडलेले असतात. तांदळाला पॉलिश करताना निघतो तो बारीक कोंडा नव्हे. त्यात तेल असतं, त्याला अळ्या लागतात. हवं ते वरचं कोरडं टरफल, तूस. त्यात सिलिका भरपूर असते, ते सहजासहजी कुजत नाही, जनावरंही खात नाहीत. टरफलाच्या होडीसारख्या आकारात हवा अडकून राहते, म्हणून ऊब धरतं.

आतल्या बाजूला भिंतीपासून तीन इंचांवर बांबूचा तट्टा उभा केला, मधल्या फटीत चार-पाच दिवस उन्हात कडक वाळवलेलं तूस थोडा कळीचा चुना मिसळून थरावर थर दाबत भरलं, आणि तट्ट्यावर शेण-मातीचं दोन हातांचं सारवण. हे मिस्त्रींनी सुचवलेलं, त्यांच्या लहानपणीच्या कुडाच्या भिंतीवरून. मी त्यात भर टाकली ती एकच, की या भिंतीत स्विचचा बोर्ड नको. तूस भडकत नसलं तरी धुमसत राहतं. माथ्याला लाकडी झाकण ठेवलं, कारण तूस खाली बसतं आणि वरून भर घालावी लागते.

सगळा खर्च बावीस हजारांच्या आत बसला. त्यातला सगळ्यात मोठा वाटा छताचा. अगरबत्तीने सापडलेल्या फटी बुजवायला चार हजारसुद्धा लागले नाहीत.

आणि मग शेगडीचा प्रश्न आला.

आजींनी माळ्यावरून लोखंडी शेगडी काढून, घासून, कोळसा भरून तयार ठेवली होती. बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी, वर ओवा-वावडिंगाची धुरी, सव्वा महिना शेक. मी म्हणालो, आजी, या खोलीत शेगडी नाही. त्यांचा चेहरा उतरला. "माह्या पाच लेकराइले बाजेखाली शेगडी होती. कोनाले काही झालं का? शेगडीबगर बाळंतीण उठते का जी?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि त्यांना अडाणी समजून उत्तर देणं मला जमलं नसतं. त्यांची पाच बाळंतपणं कवेलूच्या घरात झाली. कवेलूचं छप्पर म्हणजे शेकडो बारीक फटी. शेगडीचा धूर, आणि धुरापेक्षा वाईट असा कार्बन मोनॉक्साइड, त्या फटींमधून निघून जायचा. त्या घराने धूर बाहेर टाकायचं काम न बोलता केलं. या खोलीतून मी ते काम काढून घेतलं होतं. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट धरतो. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेलं कुटुंब सकाळी उठलंच नाही, अशा बातम्या दर हिवाळ्यात येतात. झोपेतला माणूस गुदमरून जागाही होत नाही.

हे मी आजींना माजघरात नेऊन, कवेलूकडे बोट दाखवून सांगितलं. पंधरा-वीस मिनिटं गेली. शेवटी त्यांनी विचारलं, "मंग शेक कसा द्याचा?" आमचं ठरलं ते असं. शेक दुपारी, ओसरीवर, उघड्या हवेत, शेगडी बाजूला ठेवून कापड तापवून. धुरी बाळापासून लांब आणि खोलीत अजिबात नाही. खोलीत रात्री तेलाचा हीटर, एक किलोवॅटचा, तापमान धरून आपोआप बंद-चालू होणारा. वीज गेली तर गरम पाण्याच्या पिशव्या गोधडीत, बाळाच्या अंगाला न लागतील अशा, आणि बाळ आईच्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून, वरून दोघांना पांघरूण. नवजात बाळाला स्वतःची ऊब राखता येत नाही. प्रसूतीच्या खोलीचं तापमान किमान २५ अंश असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि आपल्या शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली, त्यात बाळाला उबदार ठेवणंही होतं. १९९९ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्या गावांमधले नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. खोलीची ऊब हा चैनीचा विषय नाही, हे मला त्या कामाने शिकवलं.

कोंडून घेतलेल्या खोलीला श्वासाची वाटही ठेवली. पश्चिमेच्या भिंतीत वर चार इंची पाइप, बाहेर खाली वळवलेला, जाळी लावलेला, आत सरकतं झाकण. रात्री झाकण अर्धं उघडं. माजघराचं दार दिवसभर उघडं आणि स्वयंपाकाच्या वेळी बंद, म्हणजे चुलीचा धूर इकडे ओढला जाणार नाही. बाज उत्तरेच्या भिंतीकडून काढून जुन्या मातीच्या भिंतीला लावली. ती भिंत दिवसाची ऊब रात्री उशिरापर्यंत सोडत राहते. हात लावून पाहिला तर पहाटेही ती गार लागत नाही.

दोन थर्मामीटर ठेवले होते, एक खोलीत बाजेच्या उंचीवर, एक बाहेर सावलीत. कामाआधीच्या पहाटे बाहेर १० अंश होते आणि आत साडेअकरा. काम झाल्यावर डिसेंबरच्या मध्यात बाहेर साडेआठ, आत हीटर न लावता १६. हीटर लावल्यावर २३ वर स्थिर आणि तो रात्रभर चालतही नव्हता. मधूनमधून टिक करून बंद व्हायचा. हिशेबाने तोच हीटर आता बाहेरच्यापेक्षा तेरा अंश चढवू शकतो, आधी चार. भिंतींनी दिवसभरात साठवलेली आणि माणसांच्या अंगाची ऊब त्यात आणखी मिळते.

नात झाली ती तालुक्याच्या रुग्णालयात. तिसऱ्या दिवशी घरी आणली. आशाताई ठरलेल्या दिवशी येऊन बाळाचं तापमान पाहायच्या. पहिल्या भेटीत त्यांनी खोलीत शिरताच स्वेटर काढून खुंटीला लावला, हे घरमालकाने मला फोनवर दोनदा सांगितलं.

उन्हाळ्याचंही थोडं सांगायला हवं. एप्रिलमध्ये टिनावर पांढरा रंग मारला. छताची पोकळी वाहती असल्यामुळे दुपारी बोर्डाला हात लावला तर चटका बसत नव्हता, आधी टिनाखाली डोकं तापायचं. पण नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, कूलर लावल्यावर खोली दमट झाली आणि घरच्यांना वाटलं की खोली बंद केल्याने बिघडलं. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, तिला निघायला जागा लागते. समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवायला सांगितलं, मग ठीक झालं. हिवाळ्यात बंद ठेवायची खिडकी उन्हाळ्यात कूलरसोबत उघडायची, हे मी आधीच सांगायला हवं होतं.

पावसाळा संपल्यावर मी पुन्हा अगरबत्ती घेऊन गेलो. सागाची पट्टी मातीच्या बाजूला सूतभर घसरलेली होती, रबरावर तशी खूण उमटली होती. चीर पडली नव्हती. उत्तरेच्या भिंतीतलं तूस चार बोटं खाली बसलं होतं. झाकण काढून आजींनी स्वतः वरून टोपलीभर तूस ओतलं आणि मुठीने दाबलं. धूर एका जागी मात्र वाकला. पंख्याच्या हुकापाशी, बोर्डाला पाडलेल्या भोकातून. काम करताना ते माझ्या नजरेतून सुटलं होतं. ते बुजवलं. पश्चिमेची भिंत अजून तशीच आहे. धान विकून झाला की तिचं काम धरायचं म्हणतात. गिरणीवाल्याला तूस राखून ठेवायला सांगून झालंय.